खराटा आणि काडी

फार वर्षांमागची गोष्ट. त्या चैत्रात ऊन असं तापलं होतं, की ओढ्यातले दगडसुद्धा तडकले होते. जंगलाच्या कडेला सोमारीबाई मोहफुलं वेचायची. रोज तिचा खराटा झाडाखालचा पाचोळा झाडायचा, म्हणजे गळलेली फुलं नजरेला पडायची.

पण त्या वर्षी उन्हानं झाडं एकदम ओकीबोकी झाली. एका दिवसात घोटाभर पाचोळा साचू लागला, आणि बाईच्या कमरेत उसण भरली.

काडेपेटीतली काडी म्हणाली, "खराट्या, तू अर्धा दिवस घालवतोस. मी एका क्षणात जागा साफ करते!"

गरम वारा सुटला होता. "पेटायचं तुला कळतं गं," खराटा म्हणाला, "पण थांबायचं कसं, ते ठाऊक आहे का?"

"थांबायचं? ते कशाला?" काडी हसली.

कमरेत वाकवेना, म्हणून बाईनं काडी ओढली. पाचोळा भडकला आणि वाऱ्यासरशी जाळ सागवनाकडे धावला. "अगं माय!" म्हणत तिनं हाताशी आला तो खराटा उचलला आणि जाळावर धोपटू लागली.

काडी केव्हाच जळून गेली होती. थांबवायचं काम आता खराट्यावर आलं होतं, आणि तोही काडीइतकाच वाळलेला होता.