सगुणाचा कोरा ब्रश

फार पूर्वी, राजेलोक सकाळी आधी दाढी करत आणि मग राज्य करत, त्या काळी डोंगराच्या पायथ्याशी एक पेठ होती. त्या पेठेत दाढीचे ब्रश बनत. तेही कसले, तर बिज्जू नावाच्या, बिळात राहणाऱ्या छोट्या अस्वलासारख्या जनावराच्या केसांचे! डुकराच्या केसांचा ब्रश गालाला नुसता खरवडतो. बिज्जूच्या केसांचा पाणी धरून ठेवतो, फेस असा फुलवतो की बघत राहावं. डोंगरातले बिज्जू मोसमात केस गाळत आणि पेठेतली माणसं बिळांच्या तोंडाशी बसून ते वेचून आणत.

याच पेठेत सगुणा नावाची एक कारागीर होती. आईमागे दुकान तीच चालवायची. तिच्या ब्रशच्या मुठीवर चिमणीचा शिक्का असे. तो लाकडी शिक्का आईने स्वतः कोरलेला, आणि सगुणाला त्याचा कोण अभिमान! ती म्हणायची, "माझी चिमणी वाईट ब्रशवर बसत नाही."

आता ब्रशची एक गोष्ट सांगतो, ती नीट ऐका, कारण पुढची सगळी गंमत त्यातच आहे. नवा ब्रश केस गाळतोच. केसांच्या बुडाशी गाठ कितीही घट्ट बांधा, काही आखूड केस गाठीपर्यंत पोचलेलेच नसतात. ते कंगव्याने निघत नाहीत, फेसातच निघतात. म्हणून पेठेची रीत अशी, की ब्रश विकण्याआधी कारागिराने तो घरच्या गालावर चालवायचा. केस गळायचे थांबले की मग विकायचा. सगुणाच्या घरचा गाल म्हणजे तिचा नवरा. बिचाऱ्याला दाढी वाढवायची फार हौस होती, पण या धंद्यात ती कुठली वाढायला!

एके दिवशी राजाची दवंडी आली. "महाराजांना नवा ब्रश हवा. ज्याचा ब्रश महाराजांच्या गालावर केस गाळणार नाही, तो जिंकला. यापुढे सगळ्या पेठेचे ब्रश त्याच्याच शिक्क्याने विकले जातील. बाकीच्यांनी आपापले शिक्के चुलीत घालावेत. आणि ब्रश कोरा हवा! दुसऱ्याच्या गालाला लागलेला चालणार नाही."

पेठेत कुजबुज सुरू झाली. कोरा ब्रश आणि केस गाळायचा नाही? बहुतेकांनी माघार घेतली. उरले दोघेच, सगुणा आणि समोरच्या दुकानातला हैबती. हैबतीला कसली चिंता? त्याने गाठ बांधायचा त्रासच घेतला नाही. केसांच्या बुडात पातळ मेण ओतलं, मेण थिजलं, काम झालं. एक केस हलेल तर शपथ.

इकडे सगुणाचा नवरा तिला म्हणाला, "अगं, गुपचूप माझ्या गालावर फिरव, धू आणि दे. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय ना," सगुणा म्हणाली. "कोरा मागितलाय, कोराच देणार."

"आणि केस गळले तर? आईची चिमणी चुलीत जाईल!"

सगुणाने शिक्का पदराने पुसून जागेवर ठेवला. मग कोऱ्या ब्रशची गाठ आणखी घट्ट आवळायला बसली.

ठरल्या दिवशी राजवाड्याच्या चौकात ही गर्दी! राजा खुर्चीत बसला. उजवा गाल हैबतीच्या ब्रशला, डावा सगुणाच्या. राजाचा न्हावी ब्रश भिजवणार, तोच सगुणा पुढे झाली.

"महाराज, आधीच सांगते. माझा ब्रश पहिल्या फेसाला दोन-चार केस सोडणार. नव्या ब्रशने सोडायलाच हवेत."

सगळे खो खो हसले. राजाही हसला. "मग बाई, आलीस कशाला?"

"दाढी पुरी होईपर्यंत थांबा, म्हणजे कळेल."

न्हाव्याने फेस केला. उजवा गाल स्वच्छ. डाव्या गालावर मात्र काळे काळे केस चिकटलेले सगळ्यांना दिसले. न्हाव्याने ते पुसले आणि दोन्ही गालांवर वस्तरा फिरवला. हैबतीने मिशीला पीळ दिला. प्रधानाने निकाल सांगायला तोंडसुद्धा उघडलं.

"थांबा," राजाचा न्हावी म्हणाला. "वस्तऱ्याचा सुलटा हात झाला, केसांच्या उलट्या दिशेने फिरवायचा राहिलाय. अर्धी दाढी घेऊन महाराज दरबारात बसणार का?"

थंडीचे दिवस, वाटीतलं आधीचं पाणी मुळात कोमट, तेही गार झालेलं. न्हाव्याने आतून वाफाळतं पाणी मागवलं, दोन्ही ब्रश त्यात बुडवून ठेवले आणि निवांत वस्तरा परजत बसला. हैबतीचा चेहरा उतरला.

न्हाव्याने आधी सगुणाचा ब्रश घेतला. ढगासारखा फेस आला. सगळे माना वाकवून बघायला लागले. एक केस नाही! राजाने डोळे मिटले आणि "आहाहा!" म्हणाला. मग न्हाव्याने हैबतीचा ब्रश उजव्या गालावर टेकवला, एकदा फिरवला, आणि हातात राहिली नुसती मूठ. मेण वितळलेलं, केसांचा अख्खा झुबका राजाच्या गालावर! अर्धा राजा फेसाने पांढराशुभ्र आणि अर्धा अस्वल. हसावं की पळावं हे दरबाऱ्यांना कळेना. शेवटी आरशात बघून राजाच हसला, तेव्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

"बाई, जिंकलीस!" राजा म्हणाला. "आजपासून पेठेत फक्त तुझी चिमणी. बाकीचे शिक्के चुलीत!"

सगुणाचा ऊर अभिमानाने भरून आला. तिने ताठ मानेने हात जोडले. "नको महाराज. माझी चिमणी माझ्याच ब्रशवर शोभते. दुसऱ्यांच्या ब्रशवर ती मी बसवणार नाही. ज्याने ब्रश बांधला, त्याचाच शिक्का राहू द्या. केस गळला तर कुणाच्या दारात जाऊन भांडायचं, हे गिऱ्हाइकाला कळायला नको?"

"हैबतीचाही शिक्का ठेवायचा?"

"त्याचा तर आधी!" सगुणा म्हणाली.

तात्पर्य काढायचंच तर एवढंच: ज्याला आपल्या कामाचा खरा अभिमान असतो, तो त्यातली उणीव स्वतःच्या तोंडाने सांगतो आणि आपलं नाव दुसऱ्याच्या कामावर मिरवत नाही.