येसू परटिणीनं दाखवलेलं ‘नेमकं’

“अंगरखा नेमका कधी वाळणार?” तांबडगडचे महाराज उदयभान गरजले.

धाकू परटानं हात जोडले. “ऊन पडलं की, महाराज!”

“ऊन नेमकं कधी पडणार?”

“ढग सरले की!”

झालं! महाराजांना मोघम उत्तरांचा भारी तिटकारा. धाकूची रवानगी थेट कोठडीत झाली. “या राज्यात ‘नेमकं’ म्हणजे काय हे एकालाही कळत नाही! कुणीतरी मला ते पटवून देईपर्यंत हा आतच राहील!”

शास्त्रीबुवा पुढं सरसावले. घसा खाकरून त्यांनी व्याख्या सांगायला जी सुरुवात केली, ती दुपारच्या जेवणाची वेळ टळली तरी संपेना.

“पुरे!” महाराज ओरडले. “नेमकं सांगायला एवढी लांबण?”

इकडे धाकूची बायको येसू बातमी ऐकून भट्टीपाशीच मटकन बसली. रडून रडून डोळे सुजले. मग पदरानं तोंड पुसून ती उठली. ऊन पडलं होतं, अंगरखाही वाळला होता. घडी घालता घालता येसू एकदम थांबली आणि गालातल्या गालात हसली.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या राज्याचा वकील भेटीला आला. दरबार खच्चून भरला. महाराज तोच नुकता धुतलेला अंगरखा घालून ऐटीत बसले. अंगरखा पोचवायला आलेली येसू दाराशीच उभी होती.

वकील बोलायला लागला आणि महाराज चुळबुळायला लागले. पाठीच्या मधोमध काहीतरी टोचत होतं. हात वरून पोचेना, खालून पोचेना!

“नेमकं आत्ताच!” महाराज दातओठ खात म्हणाले.

प्रधानजी धावले. “इथं, महाराज?”

“वर!”

“इथं?”

“अहो, डावीकडं!”

मग सेनापतींनी मुठीनं पाठ रगडली.

“सेनापती, ही पाठ आहे, तटबंदी नव्हे!”

येसू पुढं झाली. “महाराज, मी बघू?”

“बघ बाई, पण लवकर!”

येसूनं अंगरख्याच्या शिवणीत चिमूट घातली आणि काहीतरी उपसलं. महाराजांचे डोळे सुखानं मिटले. “हां! नेमकं तिथंच!”

“मग सोडा माझ्या घरधन्याला!” येसू म्हणाली.

“का म्हणून?”

“‘नेमकं’ तुम्हीच दोनदा बोललात, महाराज! नको त्या वेळी टोचलं तेव्हा म्हणालात, ‘नेमकं आत्ताच!’ आणि हव्या त्या जागी बोट पडलं तेव्हा म्हणालात, ‘नेमकं तिथंच!’ आता याहून वेगळं मी काय पटवून देऊ?”

महाराजांनी तिच्या तळहातावर पाहिलं. गवताचं एवढंसं कुसळ!

“प्रधानजींना सापडलं नाही, सेनापतींना सापडलं नाही. तुला बरं पहिल्या झटक्यात सापडलं?”

येसूनं मान खाली घातली. “ज्यानं खोचलं, त्यालाच जागा ठाऊक असणार ना, महाराज!”

प्रधानजींनी जीभ चावली. महाराज मात्र असे खदखदून हसले, की काही न कळता वकीलही हसत सुटला!

धाकू त्याच क्षणी सुटला. महाराजांनी मनगटातलं सोन्याचं कडं काढून येसूला दिलं. आणि मग, वकिलासमोरच, अंगरखा काढून चांगला तीन वेळा झटकला!