सव्वीस सेकंदांची बिरुदं

पालकमंत्री दौलतराव हिंगमिरे यांना रेडिओवर आपलं नुसतं नाव ऐकून समाधान होईना. त्यांनी केंद्रसंचालकांना फर्मान धाडलं, की नावाआधी ‘जनहृदयसम्राट’, ‘विकासमहर्षी’, ‘जलनायक’ अशी अकराही बिरुदं वाचलीच पाहिजेत.

वृत्तनिवेदिका इंदुमती पोतनीस संचालकांना म्हणाल्या, “पण बातमीला तीसच सेकंद आहेत, साहेब.”

“हुकूम तो हुकूम. तुमची नेमणूक हंगामी आहे, विसरू नका.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बातम्यांत बाईंनी खणखणीत आवाजात सगळी बिरुदं आणि नाव वाचलं. त्यात सव्वीस सेकंद गेले. मग चार सेकंद त्या गप्प बसल्या आणि हवामानाकडे वळल्या.

तासाभरात मंत्री केंद्रावर धडकले. “माझं काम का नाही सांगितलं? आजच घरी बसवतो तुम्हाला!”

बाई शांतपणे म्हणाल्या, “चार सेकंद उरले होते, साहेब. तुमच्या तीन वर्षांच्या कामाला मला ते पुरेसे वाटले. काही राहिलं असेल तर लेखी तक्रार द्या. फक्त कोणतं काम राहिलं, तेवढं नावानिशी लिहा.”

मंत्र्यांनी तावातावानं कागद ओढला, पेन उघडलं आणि स्वीय सहायकाकडे पाहिलं. सहायक छताकडे पाहू लागला. बऱ्याच वेळानं कोरा कागद टेबलावर टाकून मंत्री तरातरा निघून गेले.

पुढच्याच निवडणुकीत हिंगमिरे पडले. ती बातमी इंदुमतीबाईंनीच वाचली, आणि तिला पाच सेकंदसुद्धा लागले नाहीत.