शिकवायचा राहिलेला शब्द

माणसाने अजून मधाला हात लावला नव्हता, तेव्हाची गोष्ट. जांभळाच्या ढोलीत मधमाश्यांचं पोळं होतं. तिथे प्रत्येक माशीला जन्मतःच दोन शब्द शिकवत: ‘बांध’ आणि ‘पुरे’. एकीला दुसरा शब्द शिकवायचा राहून गेला. तिने हाताखालच्यांनाही एकच शिकवला. त्या बांधतच सुटल्या. पिल्लांच्या घरांवर मेणाचा गोळा चढला आणि त्यात त्या स्वतःच बंद झाल्या. कुणाची हाक आत पोचेना.

म्हातारी दाईमाशी गांधीलमाशीकडे गेली. "बाई गं, बंद घर फोडून शिरणं तुलाच जमतं. या वेळी चोरी करू नकोस. आत जाऊन त्यांना एवढाच शब्द शिकव: पुरे."

"जन्मभर शिव्या खाल्ल्या. एकदा कामाला येते," गांधीलमाशी म्हणाली.

ढोलीच्या दारात राखणदार माश्यांनी तिला घेरलं.

"अगं, हिला मी बोलावलंय!" दाई ओरडली.

"आजी, चोर आम्हाला ओळखता येतो," म्हणत त्या डंख मारत राहिल्या.

गांधीलमाशी मरेपर्यंत "पुरे! पुरे!" ओरडत होती. त्यांना वाटलं, जिवाची भीक मागतेय.

चार दिवसांनी पोळं स्वतःच्याच भाराने तुटून पडलं. राखणदार माश्या दारातच उभ्या होत्या. त्यांनी एकही चोर आत शिरू दिला नव्हता.