हत्ती कुणी वाजवायचा

“...आणि एवढं सगळं करूनसुद्धा पोर उठून का जाते, बुवा?”

वैजंताने मठाच्या ओसरीवर पिशवी रिकामी केली. तांदळाचा डबा, घुंगरं, पितळी ताट, लाकडी पळी.

कोंडाबुवा भिंतीला पाठ टेकून बसले होते. सारी हयात कीर्तनात गेलेली. आता गळा बसला होता, कान बसला नव्हता.

वैजंताची चार वर्षांची जुई पायरीवर शेंगांची टरफलं उडवत होती.

“रोज गोष्ट वाचते मी तिला. पाऊस आला की डबा हलवते. बैल आला की घुंगरं. हत्ती आला की ताटावर पळी! आमच्या आळीत असं कुणी वाचत नाही, विचारा कुणालाही.”

“अन् पोर काय करते?”

“तिला हाताची घडी घालून बसवते. तरी पान संपायच्या आत पळते.” तिचा आवाज उतरला. “माझी शाळा सातवीत सुटली, बुवा. हिचंही पुस्तकाशी बिनसलं तर...”

तिने मांडीवरचं गोष्टीचं पुस्तक पदराने पुसलं.

“वाच,” बुवा म्हणाले.

वैजंताने पदर खोचला आणि काय वाचलं म्हणता! पाऊस कोसळला, गाडीचे बैल दौडले, ओसरीवरची कबुतरं भर्रकन उडाली. जुईने एकदा मान वळवली... आणि परत टरफलं.

“झकास,” बुवा म्हणाले. “आता सांग. मी कीर्तनाला उभा राहिलो, अन् पखवाजही मीच, टाळही मीच. मग मागचे टाळकरी काय करतील?”

“घरी जातील की!”

वैजंता हसली. हसता हसता थांबली.

बुवांनी तो सगळा पसारा ओढून आपल्या घोंगडीखाली सारला.

“वाच आता.”

“नुसतं?”

“नुसतं.”

“नदीकाठी सगळे झोपले होते. तेवढ्यात लांबून हत्ती आला...”

तिचा हात सवयीने पळीकडे गेला. पळी कुठली! ती तोंडानेच ‘धम्म’ म्हणणार, तोच बुवांनी बोट वर केलं.

ओसरी गप्प.

...

वैजंताचा जीव टांगणीला लागला. गोष्ट अशी कधी अडली नव्हती. आता पोर गेलीच, अंगणापार गेली...

जुई पायरीवरून उठली. आईजवळ आली. पुस्तकात डोकावली, आईच्या तोंडाकडे पाहिलं. मग ओठांचा चंबू करून अगदी बारीक आवाज काढला.

“पिर्र... पिर्र...”

वैजंताला राहवलं नाही. “अगं, हत्ती असा असतो होय? हत्ती केवढा जड...”

“पोरी,” बुवा म्हणाले, “हत्ती दारात उभा आहे. पुढचं वाच.”