कोऱ्या गाडीला पहिली माती

एकदा एका वृद्ध वस्तादांनी आपल्या लाडक्या शिष्याची कोरी करकरीत मोटारसायकल भर दिवसा, चारचौघांच्या देखत, लाथ मारून खाली पाडली. वस्ताद म्हणजे तालमीतले गुरू. वय सत्तरीच्या पुढचं, आणि स्वभाव असा की दारातल्या कुत्र्यालाही 'हाड' म्हणताना आवाज चढायचा नाही. असा माणूस असं का करील, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल तर तो रास्तच आहे. जे समोर उभे होते त्यांनाही तोच पडला, आणि ज्याची गाडी होती त्याला तर प्रश्न पडण्याइतकी शुद्धही राहिली नव्हती. पण गोष्ट मुळापासून ऐकायला हवी.

नदीकाठच्या एका गावात ज्योतिराम वस्तादांची तालीम होती. आत लाल मातीचा हौदा, म्हणजे कुस्तीचा आखाडा, कोपऱ्यात शेंदूर लावलेला मारुती, आणि रस्त्याच्या बाजूला एक खिडकी. त्या तालमीत एक रीत होती. नवा मुलगा आला की मारुतीपुढे नारळ फुटायचा आणि मग वस्ताद स्वतः त्याला मातीत उतरवून पाठीवर पाडायचे. हळुवार नाही, चांगला दणकून. पोरगं डोळे पांढरे करून आढ्याकडे बघत राहायचं. वस्ताद म्हणायचे, "झालं. ऊठ." याला तिथं 'पहिली पाठ' म्हणत. ती दुसऱ्या कुणी द्यायची नाही, असा दंडक होता. का, ते कुणी विचारलं नव्हतं आणि वस्तादांनीही कधी सांगितलं नव्हतं.

रणधीरलाही लहानपणी ही पहिली पाठ मिळाली होती. पुढे तो असा तयार झाला की शेजारच्या यात्रेतल्या मैदानात त्याने आपल्यापेक्षा वजनदार मल्लाला अस्मान दाखवलं, आणि बक्षीस म्हणून त्याला मोटारसायकल मिळाली. गळ्यात हार, कपाळाला गुलाल, आणि मागे म्हाळू बसलेला, अशी वरात गावात आली. म्हाळू हा त्याचा जोडीदार. मेंढरं राखणाऱ्या घरातला, बोलायला कमी आणि झुंजायला चिवट. रोज पहाटे या दोघांची जोड लागायची. ती गाडी जिंकण्यात म्हाळूच्या अंगाचाही निम्मा घाम होता, हे रणधीर तेव्हा स्वतःच सगळ्यांना सांगत होता.

गाडी आली आणि तिच्यामागून कटकटी आल्या. आईने पूजा केली, टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, ते पुसायला गेला तर रंगावर लालसर छटा राहिली. चाकावर नारळ फोडला, त्याचं पाणी चिकट होऊन बसलं. हँडलला लिंबू-मिरची बांधली, तर लिंबाचा रस ठिबकून चकचकीत पत्र्यावर डाग पडला. दुकानदाराने बजावलं होतं की पहिलं सर्व्हिसिंग होईपर्यंत चाळीसच्या वर जायचं नाही. त्यामुळे दुधाच्या किटल्या लावलेला म्हातारा गवळी आपल्या खटारा लुनावरून पुढे निघून जायचा आणि वर मागे वळून हसायचा. सीटवरचा प्लास्टिकचा कागद काढवत नव्हता, आणि ठेवला तर उन्हात मांड्यांना चिकटून चर्र चर्र वाजायचा.

शिवाय गाव. भेटेल तो पहिला प्रश्न विचारायचा, "ॲव्हरेज किती देते?" उत्तर ऐकायच्या आधीच दुसरा म्हणायचा, "दे की, एक राउंड मारून येतो." पारावरची मंडळी आरशात मिशा बघायला म्हणून आरसा वळवायची आणि तसाच ठेवून जायची. चिंचेखाली लावावी तर बगळे, उन्हात लावावी तर रंग विटायची धास्ती. साइड स्टँड मातीत रुतून गाडी कलंडेल म्हणून रणधीरने फरशीचा एक तुकडा कायम जवळ ठेवला होता. जिथं थांबेल तिथं आधी फरशी, मग स्टँड. लोक हसायचे. त्याला हसण्याचं काही वाटत नव्हतं, लोकांच्या हातातल्या अंगठ्यांनी रंगाला चरा पडेल याची भीती वाटत होती.

हे सगळं क्षुल्लक आहे, मान्य. नव्याचे नऊ दिवस म्हणून आपण सोडून देतो. पण क्षुल्लक गोष्ट मनात बिऱ्हाड करून बसली की घरमालकाला बाहेर काढते. रणधीर गाडी तालमीच्या खिडकीसमोरच लावायचा, आणि बैठका मारतानाही त्याची नजर खिडकीकडे असायची. एकदा वस्ताद म्हणाले, "काय रं रणधीर, अंग हितं आणि जीव कुठं हाय?"

"हितंच की वस्ताद."

"हितं न्हाई. रस्त्यावर हाय. उन्हात उभा हाय."

यात्रांचे दिवस आले. म्हाळूची पहिल्यांदाच मोठ्या मैदानात कुस्ती ठरली. घरातली सगळी माणसं मेंढरं दुसऱ्याच्या हवाली करून बघायला येणार होती. आपला पोरगा हलगीच्या तालावर मैदानात उतरलेला त्या घराने अजून पाहिला नव्हता. म्हाळूची तयारी करून घेण्याचं काम वस्तादांनी रणधीरवर सोपवलं.

आणि एके दिवशी घात झाला. रणधीरने त्याच सकाळी सीटवरचा कागद एकदाचा काढला होता. काळंभोर, मऊ, एक रेघ नसलेलं सीट. तो तालमीत उतरला खरा, पण डोळ्यांपुढे सीटच होतं. कुस्ती रंगली. रणधीरने म्हाळूला दोन्ही खांद्यांवर आडवा उचलला, या डावाला कलाजंग म्हणतात. यात उचलणाऱ्याची पकड हाच खालच्या-वरच्या दोघांचा जीव. नेमकी तेव्हाच खिडकीबाहेर एका शेळीने गाडीच्या सीटवर पुढचे दोन पाय टेकले, आणि रणधीरची मान वळली. मान वळली तशी पकड सुटली. म्हाळू वरून आला तो वाकड्या हातावर. हाड सरकल्याचा आवाज हौद्याबाहेर बसलेल्यांनाही ऐकू आला.

म्हाळू ओरडला नाही. तो उठून बसला, आणि त्याचा उजवा हात खांद्यापासून भलत्याच ठिकाणी लोंबत राहिला. तोंड पांढरंफटक पडलं. "बोटं कळंनात," तो एवढंच म्हणाला. कुणीतरी हात ओढून बसवायला पुढे झालं. वस्तादांनी त्याला मागे सारलं. "हात लावू नका. आमच्या वेळी आम्हीच वढायचो, आणि त्यात चांगली चांगली पोरं थोटी झाली. रणधीर, गाडी काढ. ह्याला डॉक्टरकडं न्यायचा."

बाजाराचा दिवस होता. गावातली जीप गेलेली, रिक्षा गेलेली. होती ती एवढीच गाडी. दोघांनी म्हाळूला धरून बाहेर आणलं. उघडा, लंगोटावर, अंगभर तेल, तेलावर लाल माती, मातीवर घाम. रणधीर किल्ली लावायला वाकला आणि त्याने म्हाळूकडे पाहिलं. मग सीटकडे पाहिलं.

"एक मिनिट हं," तो म्हणाला. "पोतं आणतो, सीटवर टाकायला."

आणि तो आत गेला.

बाहेर म्हाळूने मान खाली घातली, जणू चूक त्याचीच होती. आतून शोधाशोध केल्याचा आवाज येत होता. रणधीर पोतं घेऊन आला, दारात थांबून त्याने ते नीट झटकलं, धूळ नको म्हणून. तेवढ्यात वस्ताद गाडीजवळ गेले. त्यांनी एक हात टाकीवर ठेवला, पाळलेल्या जनावराच्या पाठीवर ठेवावा तसा. मग पाय उचलला आणि सीटच्या खाली लाथ घातली.

गाडी फरशीवरून घसरली आणि पलीकडच्या खडीवर आडवी झाली. आरशाच्या काचा उडाल्या. टाकीला मूठभर पोचा पडला. मागचं चाक अर्धा फेरा फिरून थांबलं.

रणधीरच्या हातातलं पोतं गळून पडलं. डोकं सुन्न, कानात नुसता घूं घूं आवाज. मैदानात त्याला एवढं कुणी हादरवलं नव्हतं. बापाने मारलं असतं तरी त्याने सोसलं असतं, पण वस्ताद? ज्यांनी गाडी आली तेव्हा स्वतः तिला हार घातला होता, ते? त्याला संताप आला आणि रडूही आलं. जमलेले लोकही थिजून उभे होते.

वस्ताद शांतपणे म्हणाले, "झालं. उचल."

ते दोन शब्द कानावर पडले आणि रणधीरचे हात आपोआप हलले. त्याने गाडी उभी केली, किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली. म्हाळूला मध्ये घेतलं, त्याला सावरायला मागे आणखी एक गडी बसला. पुढे चाळीसचा काटा कधी मागे पडला ते रणधीरला कळलं नाही. लांबचा डांबरी रस्ता सोडून त्याने ओढ्यातली वाट धरली. चिखल उडाला, बाभळीच्या फांद्या टाकीवर ओरखडत गेल्या, आणि त्याला ऐकू येत होता तो फक्त पाठीला टेकलेल्या म्हाळूचा श्वास.

डॉक्टरांनी खांदा बसवला, हात झोळीत बांधला. "वेळेवर आणलंत," ते म्हणाले. "नस दाबली गेली होती. आणखी उशीर झाला असता तर हात अधू झाला असता. आता यंदा कुस्ती नाही. पुढच्या वर्षी खेळेल."

रणधीर बाहेरच्या बाकावर बसला. गाडी पडल्याचा धक्का एव्हाना ओसरला होता. आता बसला तो दुसराच होता. आपण पोतं शोधत होतो. आणलेलं पोतं झटकत होतो. आपल्या हातून हे झालं, यावर त्याचा विश्वास बसेना. तो स्वतःच्याच हातांकडे परक्या माणसाच्या हातांकडे बघावं तसा बघत राहिला.

संध्याकाळी म्हाळूला त्याच्या घरी पोचवून रणधीर तालमीत आला. वस्ताद मारुतीपुढे दिवा लावत होते. तो दारातच उभा राहिला. "वस्ताद, कलाजंग माझ्या चुकीनं सुटला. माझी मान वळली."

"बघितलं मी."

"मग तवाच का बोलला न्हाईसा?"

वस्ताद कट्ट्यावर बसले. "मान कुणाचीबी वळती बाबा. त्येच्यासाठी मी लाथ न्हाई मारली. पोरगा थोटा व्हायची येळ आली, आणि तू त्येच्या अंगाची माती बघत हुतास. ती गाडी तुला दिली कुणी? त्याच मातीनं. आणि तीच माती तिला लागू नये म्हणून तू पोतं हुडकाय गेलास. कोरी वस्तू वाईट न्हाई. तिचा कोरेपणा जपाय माणूस चाकरीला लागला, की त्यो मालक ऱ्हात न्हाई. नव्या पोराला मी पयल्याच दिशी का पाडतो ठावं हाय? पडायचं भ्या घिऊन जो मातीत उतरतो, त्यो झुंजत न्हाई, नुसता सोताला सांभाळत बसतो. एकदा पाठ लागली की भ्या जातं. आज तुझ्या गाडीला पयली पाठ दिली. तिचं काम आता सुरू झालं."

मग ते हळूच म्हणाले, "खरं सांगू? आपटायचा तुलाच हुता. पर तेवढं बळ आता ह्या अंगात न्हाई. म्हणून तिला पाडली. तिची माफी मागून ठिवलीया मी, लाथ घालायच्या आदीच."

टाकीवर ठेवलेला तो हात रणधीरला आठवला. तो वस्तादांच्या पाया पडला, बराच वेळ उठला नाही, आणि वस्तादांनीही त्याला घाईने उठवलं नाही.

यात्रा आली. म्हाळूच्या कुस्तीच्या वेळी मैदानात दुसरी जोड लागली. झोळीतला हात घेऊन म्हाळू कडेला बसला होता, आणि त्याच्या शेजारी त्याची घरची सगळी माणसं. रणधीर त्यांच्यासमोर गेला आणि झाली गोष्ट त्याने होती तशी सांगितली, पोत्यासकट. म्हाळूचा बाप म्हणाला, "पुढल्या साली तूच तयारी करून घ्यायची." याहून कडक शिक्षा आणि याहून मोठी क्षमा रणधीरला ठाऊक नव्हती.

पोचा त्याने काढला नाही. लोक अजून ॲव्हरेज विचारतात, आरसा वळवतात, राउंड मारून येतात. गावात कुणाची बाळंतीण अडली, कुणाच्या म्हाताऱ्याला दम लागला, की पहिली हाक रणधीरला जाते. हात बरा झाल्यावर म्हाळू पुन्हा तालमीत आला, तेव्हा गाडी मागच्या बोळात, मऊ मातीत, थोडी कलती उभी होती.

"स्टँडखाली फरशी न्हाई ठेवलीस?" म्हाळूने विचारलं.

रणधीरने क्षणभर आठवून पाहिलं. "ऱ्हायली खरी," तो म्हणाला, आणि दोघे मातीत उतरले.

आपल्याही घरी एखादी गोष्ट असेल, जिच्यावर आपण अजून पोतं अंथरतो आहोत. ते अंथरताना दारात कोण उभं आहे, तेवढं एकदा बघावं.