जिलबीचं वजन

“पेन्शनला झेपेल असा वजनकाटा घ्यायचा आहे. कोणता घेऊ, एवढंच सांगा.”

खानापूरकर सरांनी मठातल्या विश्वंभरबुवांना हे असंच विचारलं, की आधी नमस्कार केला, याची त्यांना आता खात्री देता येत नाही. जन्मभर संख्याशास्त्र शिकवलेल्या माणसाचा स्वतःच्या आठवणीवर फारसा भरवसा नसतो. मांडीवर झाकणाची टोपली होती, एवढं मात्र नक्की. टोपलीत साप होता.

साप त्यांचा नव्हता. मुलाचा, सौमित्रचा. आफ्रिकेतल्या जातीचा छोटा अजगर, बिनविषारी, रीतसर कागदपत्रं करून पाळलेला. वेटोळं घालून बसायची म्हणून नाव जिलबी. या जिलबीपायी बापलेकांत वर्षभर अबोला होता. मग सौमित्रला कॅनडात नोकरी लागली. जाताना त्याने टोपली वडिलांच्या हातात ठेवली आणि एवढंच सांगितलं, की तिने खाल्लं नाही तरी घाबरू नका, वजन बघा. वजन उतरायला लागलं तर पुण्याला डॉक्टरांकडे न्या, ते नळीने भरवतील.

त्याला दोन महिने होऊन गेले होते. जिलबीने कशालाच तोंड लावलं नव्हतं. नळीने भरवताना साप दगावूही शकतो, असं सरांनी वाचलं होतं. मुलाने विश्वासाने दिलेली ही एकच गोष्ट. आणि तिचं वजन उतरतंय की नाही, हेच त्यांना कळत नव्हतं.

स्वयंपाकघरातला काटा जिलबी हलली की आकडे नाचवायचा आणि मध्येच बंद पडायचा. सोनारी काटा अचूक, पण तिच्या निम्म्या वजनालाच हात टेकायचा. बॅगा टांगून मोजायचा काटा स्वस्त, पण त्याचं थोडं इकडेतिकडे धरूनच चालावं लागे. प्रयोगशाळेतला उत्तम होता. त्याच्या किमतीत आणखी चार जिलब्या आल्या असत्या. सर पुष्कळ वेळ सांगत होते. बुवा ऐकत होते, टोपलीपासून जरा लांब सरकून.

“तिला तोलता किती वेळा?”

“सकाळ-संध्याकाळ. आकडा जुळला नाही तर दुपारीसुद्धा.”

“जुळतो?”

“नाही.”

“मग ती जेवणार कधी?”

सरांनी टोपलीचं झाकण दाबून बसवलं.

बुवांनी कोठीतून तराजू आणवला. दोन पारड्यांचा, शिध्याचं धान्य तोलायचा. सारख्या मापाच्या दोन सुती पिशव्या आणवल्या. जिलबीला एकीत ठेवून सरांनी तोंड बांधलं खरं, पण गाठ मारताना त्यांची इतकी धांदल झाली की पिशवी आतून उसळू लागली.

“द्या इकडे,” बुवा म्हणाले.

त्यांनी पिशवी मांडीवर घेतली, वर दोन्ही तळवे ठेवले, डोळे मिटले.

पिशवी हळूहळू निवत गेली... बुवांचा चेहरा इतका स्थिर होता की सरांनी नकळत हात जोडले. ही एकाग्रता आपल्याला या जन्मी साधायची नाही, असं त्यांना वाटलं.

मग बुवांनी पिशवी अलगद पारड्यात ठेवली. सर वजनं शोधू लागले. बुवा अंगणात गेले, उन्हातली कोरडी वाळू दुसऱ्या पिशवीत भरून आले आणि चिमटीचिमटीने ती कमी करत राहिले. पारडी सारखी झाली. वाळूच्या पिशवीला गाठ मारून त्यांनी ती सरांच्या हातात दिली.

“झालं.”

“पण वजन किती?”

“एवढं.”

सरांनी पिशवी हातात तोलून पाहिली.

जिलबीला महिनाभर अंधाऱ्या खोक्यात तिची तिला राहू द्या, असं बुवांनी सांगितलं. आठवड्याला खाणं ठेवायचं आणि बाजूला व्हायचं.

“आणि मला राहवलं नाही तर?”

“वाळू तोला. हवी तितक्यांदा. तिला त्रास होत नाही.”

सरांनी वाळू मनसोक्त तोलली. घरातल्या काट्याने तिचेही दर वेळी वेगळे आकडे दाखवले, तेव्हा त्यांना बऱ्याच दिवसांनी हसू आलं. एका सकाळी खोक्यात ठेवलेला मेलेला उंदीर जागेवर नव्हता. तो कुठे घरंगळला म्हणून सरांनी खोक्याखाली पाहिलं, कपाटामागे पाहिलं. मग जिलबीच्या पोटाकडे पाहिलं.

महिन्याने ते टोपली आणि वाळूची पिशवी घेऊन पुन्हा मठात आले. या वेळी जिलबीची पिशवी त्यांनी स्वतः धरली. तराजू उचलला, आणि जिलबीचं पारडं खाली गेलं. थोडंसंच. बुवांनी वाळूच्या बाजूला मूठभर वाळू टाकली, तेव्हा पारडी पुन्हा सारखी झाली.

सरांनी तिथूनच सौमित्रला फोन लावला. किती वाढलं, असं त्याने झोपेतच विचारलं.

“मूठभर,” सर म्हणाले.

पलीकडे सौमित्र हसायला लागला. वडिलांनी विचारलेल्या गोष्टीचा आकडा सांगितला नाही, असं त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. त्यानंतर तो दर रविवारी फोन करू लागला. आधी जिलबीची चौकशी, मग वडिलांची.

पुढे बऱ्याच वर्षांनी, बुवांच्या थोरल्या बहिणीने, गोदाक्कांनी, बोलता बोलता सरांना सांगितलं की भावाला लहानपणापासून सापाची भारी धास्ती. शाळेच्या पुस्तकात सापाचं चित्र होतं, ते पान त्याने खळ लावून चिकटवून टाकलं होतं. तुम्ही टोपली घेऊन आलात, त्या दिवशी तर त्याला जेवणही गेलं नाही.

सरांना खरं वाटेना. आक्कांची आठवण चुकत असेल, आपली तर नेहमीच चुकते. शेवटी त्यांनी थेट बुवांनाच विचारलं.

बुवांनी मान डोलावली. खरं होतं.

“म्हणजे त्या दिवशी डोळे मिटून बसलात, ते ध्यान नव्हतं?”

बुवांनी आपल्या दोन्ही तळव्यांकडे पाहिलं.

“होतं तर. तसं पुन्हा कधी लागलं नाही.”